बांबू लावायचा ठरवलंय? योजना, कागद आणि खड्डे: कशाच्या आधी काय करायचं

बांबूच्या अनुदानाबद्दल मला येणाऱ्या फोनमधला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एकरी किती मिळतात?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. बांबूच्या कुठल्याही योजनेत पैसे कामाच्या मागून येतात, कधी कधी बरेच मागून. आधी खड्डा, मग रोप, मग रोप जगलेलं दिसलं पाहिजे, मग हप्ता. म्हणून माल कोण घेणार आणि जमिनीत काय तग धरणार, हे ठरवूनच अर्जाकडे वळा. खाली जो क्रम दिलाय तो महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यासाठी आहे. तालुक्यागणिक थोडंफार इकडचं तिकडे होतं, पण गाडी अडते ती बहुतेक याच ठिकाणी.

१. आधी गिऱ्हाईक बघा

तुमच्यापासून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत बांबू कोण विकत घेतं, याची यादी करा. टोमॅटोच्या बांधणीला काठ्या, केळीला टेकू, बांधकामाची परांची, मंडपवाले, बुरुडकाम करणारी घरं, फर्निचरचं युनिट, पेलेटचा (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या गोळ्या) किंवा कागदाचा कारखाना. यातल्या प्रत्येकाला वेगळा बांबू लागतो. परांचीवाला सरळ आणि लांब मागतो, बुरुडाला लांब पेराचा आणि चिरायला सोपा हवा, टोमॅटोवाल्याला बारीक पण भरीव काठी लागते. पेलेटवाला जात विचारत नाही, वजन आणि ओल विचारतो, आणि भावही त्याच हिशेबाने देतो.

काठीवर विकणं आणि टनावर विकणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. 'एकरी लाखो' म्हणणारे बहुतेक जण काठीचा भाव धरतात आणि टनाचं उत्पादन मोजतात. तुमच्या भागात काठीचं गिऱ्हाईक नसेल तर तो हिशेब तुमचा नाही.

२. मग जात ठरवा

महाराष्ट्रात मुख्यतः या जाती दिसतात:

- मानवेल: विदर्भातल्या जंगलातला आपला नेहमीचा बांबू. कमी पावसात, हलक्या जमिनीत टिकतो. काठी बऱ्यापैकी भरीव. बेट दाट होतं, त्यामुळे तोडताना त्रास.
- माणगा: सिंधुदुर्गात कुडाळ-सावंतवाडीकडे बांधाबांधावर दिसतो. भरीव, बिनकाट्याचा, सरळ. कोकण आणि घाटमाथ्याला उत्तम. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत त्याच्याकडून तीच अपेक्षा ठेवू नका.
- बल्कोवा: जाड, उंच, वजनदार. पाणी असेल तर पैसा, पाणी नसेल तर मनस्ताप.
- टुल्डा, ब्रँडिसी, ॲस्पर, नुटन्स: सरकारी यादीत असतात. ॲस्पर आणि ब्रँडिसी यांना ओलावा आणि चांगली माती लागते.
- काटेरी बांबू, म्हणजे कळक किंवा काटस: कुंपणाला झकास. आतून तोड काढायची वेळ आली की मजूर पाठ फिरवतात.

शेजाऱ्याने लावला म्हणून आपणही तोच लावायचा, हे बांबूत परवडत नाही. कापूस चुकला तर पुढच्या वर्षी सोयाबीन घेता येतं. इथे पुढची तीसेक वर्षं त्याच बेटाशी संसार आहे.

आणखी एक गोष्ट रोपं विकणारे सहसा सांगत नाहीत. बहुतेक जाती आयुष्यात एकदाच फुलतात आणि फुलल्यावर मरतात. मानवेल आणि काटेरी बांबूत हा काळ अनेक दशकांचा असतो, आणि एकाच मूळ वाणाची बेटं बऱ्याचदा एकदमच फुलतात. म्हणून कंदाची किंवा फांदीची रोपं घेताना मूळ बेट किती जुनं आहे हे विचाराच. चाळीस वर्षांच्या बेटाचा कंद तुमच्या शेतात आला तरी त्याचं वय चाळीसच राहतं.

३. जमीन आणि पाणी

निचऱ्याची कुठलीही जमीन चालते. पाणी साचणारी काळी, चोपण, खारवट जमीन सोडून द्या. मुरमाड चालते, पण खड्ड्यात गाळ किंवा पोयटा भरावा लागेल. 'बांबूला पाणी लागत नाही' हे वाक्य पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांना लागू पडत नाही. तेवढे उन्हाळे ठिबकचं नाहीतर घागरीचं, पण पाणी द्यावंच लागतं. बेट जमलं की मग त्याचं ते बघतं.

बांधावर लावणार असाल तर शेजाऱ्याला आधी सांगा, आणि हद्दीपासून चांगलं अंतर सोडा. सावली आणि मुळं दोन्ही त्याच्या पिकात जातात. बांधाचं भांडण तहसीलदारापर्यंत गेलं की तिथे योजनेचा अर्ज कामाला येत नाही.

४. योजनेचं दार निवडा

मुख्य दारं दोन आहेत. जमिनीच्या एका गटावर एकाच दाराने जायचं. दोन्हीकडे अर्ज करून 'जे आधी येईल ते' हा प्रकार पुढे वसुलीपर्यंत जातो.

*पहिलं दार: अटल बांबू समृद्धी योजना.* ही महाराष्ट्र बांबू विकास मंडळामार्फत चालते. मंडळाचं मुख्यालय नागपूरला. २०१९ साली ती सुरू झाली तेव्हा टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं सवलतीत मिळायची. चार हेक्टरपर्यंत जमीन असेल तर रोपाच्या किमतीत ८० टक्के आणि त्यावर असेल तर ५० टक्के सवलत. नंतर तिचं रूप बदललं. एक रोप आणि त्याची देखभाल मिळून ३५० रुपये खर्च धरायचा आणि त्याच्या निम्मे, म्हणजे १७५ रुपये, तीन वर्षांत द्यायचे: पहिल्या वर्षी ९०, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी ३५. हेक्टरी ५०० रोपं आणि मर भरून काढायला आणखी १००, अशी ६०० ची मोजणी. कमाल दोन हेक्टर. तुम्ही अर्ज कराल त्या वर्षीचा शासन निर्णय छापून जवळ ठेवा आणि आकडे त्यातूनच वाचा. जुन्या निर्णयाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरत असते.

*दुसरं दार: रोजगार हमी योजना, म्हणजे रोहयो.* 'हेक्टरी सात लाख' हे पोस्टरवरचं वाक्य इथलं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. हा आकडा अनेक वर्षांच्या कामाचा मिळून आहे, आणि त्यातला मोठा वाटा मजुरी आहे. ती मजुरी हजेरीपटावर नाव असलेल्या मजुराच्या खात्यात जाते. घरातली माणसं जॉबकार्डावर (रोहयोच्या मजुराचं नोंदणी कार्ड) राबली तर ती घरात येते. ट्रॅक्टरने खड्डे मारले, बाहेरचा गडी लावला, तर त्यातलं फारसं काही तुमच्या हाती येत नाही. हा हिशेब न कळल्यामुळे पहिल्या वर्षानंतर नाराज झालेले शेतकरी मी गावोगाव पाहिलेत.

या दारासाठी जॉबकार्ड लागतं आणि पात्रतेची यादी असते: अल्पभूधारक आणि सीमांत शेतकरी, अनुसूचित जाती-जमाती, भटक्या जमाती, दारिद्र्यरेषेखालची कुटुंबं, महिला किंवा दिव्यांग कुटुंबप्रमुख, वनहक्काचा पट्टा मिळालेले. काम ग्रामपंचायत, सामाजिक वनीकरण किंवा कृषी विभाग अशा कुठल्यातरी यंत्रणेकडून होतं. तालुक्यात बांबू नेमका कोण बघतंय हे पंचायत समितीच्या रोहयो कक्षात विचारा.

कुठलं निवडायचं? घरात राबणारे हात असतील आणि जमीन पाच एकरांच्या आत असेल तर रोहयो. जमीन जास्त, मजूर बाहेरचे आणि हजेरीपटाची कटकट नको असेल तर मंडळ. केंद्राचं राष्ट्रीय बांबू मिशनही आहे. २०१८ मध्ये त्याची नव्याने मांडणी झाली, खर्चाचा वाटा केंद्र ६० आणि राज्य ४० असा. पण शेतकऱ्यापर्यंत ते राज्याच्या यंत्रणेतूनच पोचतं, त्याच्यासाठी वेगळं दार ठोठावायची गरज सहसा पडत नाही.

५. कागदपत्रं

एकदाच फाईल बनवा, प्रत्येकी तीन झेरॉक्स.

- चालू सातबारा आणि आठ-अ
- आधार, आणि आधार जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक
- शेतकरी ओळख क्रमांक (ॲग्रिस्टॅकचा)
- सामाईक खातं असेल तर बाकीच्यांचं संमतीपत्र
- गटाचा नकाशा, लागवडीची जागा खुणेने दाखवलेली
- पाण्याची सोय असल्याचा पुरावा: सातबाऱ्यावर विहीर किंवा बोअरची नोंद
- रोहयोसाठी जॉबकार्ड आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत
- लागू असेल तर जातीचा दाखला किंवा वनहक्क पट्टा
- देखभालीचं हमीपत्र, नमुना कार्यालयात मिळतो

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते सामाईक सातबाऱ्यावर. आजोबांचं नाव कमी झालेलं नाही, आत्याचं नाव आहे आणि ती मुंबईला, चुलतभाऊ सही द्यायला तयार नाही. हे पावसाळ्याच्या तोंडावर सुटत नाही. वारसनोंद, वाटणी जे काय असेल ते दिवाळीनंतर लगेच हाती घ्या. दुसरी अडचण नावाच्या स्पेलिंगची. आधारवर एक, बँकेत दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. पैसे थेट खात्यात येतात, त्यामुळे हे तिन्ही जुळलेच पाहिजेत.

६. अर्ज ते मंजुरी

मंडळाचा अर्ज ऑनलाइन असतो. भरल्यावर पोच क्रमांक जपून ठेवा आणि वन विभागाच्या स्थानिक कार्यालयात जाऊन फाईल कुठे आहे ते विचारा.

रोहयोची वाट लांब आहे. अर्ज ग्रामपंचायतीत, मग ग्रामसभेचा ठराव, मग तालुक्याच्या आराखड्यात नाव, मग जागेची पाहणी, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि शेवटी कामाचा संकेतांक. त्यानंतर मजुरांनी कामाची मागणी करायची, नमुना चार भरून, आणि पोच घ्यायचीच. हजेरीपट निघाल्याशिवाय कुदळ मारू नका. आधी केलेलं काम नंतर पटावर चढत नाही, कारण हजेरी मोबाईल ॲपवर जागेवरच्या फोटोसकट लागते.

या सगळ्यात ग्राम रोजगार सेवक हा महत्त्वाचा माणूस. त्याच्याकडे एकाच वेळी विहिरी, गोठे, घरकुलं असं सगळं असतं. त्याला दर आठवड्याला नम्रपणे आठवण करून देणं हे भांडणापेक्षा कैकपटींनी लवकर काम करतं. 'फाईल पुढे सरकवायला' कोणी पैसे मागितले तर कुठल्या टप्प्यासाठी ते लेखी विचारा. बरेचदा तिथेच विषय संपतो.

७. रोपं घेताना

यादीतल्या, मान्यताप्राप्त रोपवाटिकेचीच रोपं घ्या आणि जातीचं नाव लिहिलेलं पक्कं बिल मागा. बिल नसेल तर पुढचा हप्ता अडतो. गाडीतून रोपं उतरवण्याआधी चार-पाच पिशव्या उचलून बघा. पिशवी हलकेच फाडली तर माती मुळांनी धरून ठेवलेली असावी, भुसभुशीत ढासळू नये. बुडाशी निदान दोन-तीन फुटवे हवेत, त्यातला एक नवा. एकच लांबलचक शेंडा असलेलं, दिसायला देखणं रोप नको. ते शेडनेटमधलं लाडावलेलं असतं, शेतातल्या पहिल्या उन्हात मान टाकतं.

आता परतखरेदीच्या कराराबद्दल. 'रोपं आमची घ्या, माल आम्ही उचलू' म्हणणाऱ्या कंपन्या गावोगाव फिरतात. करारात चार गोष्टी शोधा: भाव किंवा भाव ठरवण्याची रीत, माल शेतात उचलणार की कारखान्यात पोचवायचा, ओल किती टक्के धरणार, आणि उचलला नाही तर भरपाई काय. 'बाजारभावाने खरेदी करण्यात येईल' एवढंच लिहिलं असेल तर तो करार रोपं विकण्यासाठीच आहे असं धरून चाला. आमच्या भागात एका कंपनीने असे करार वाटले. पहिली तोड यायच्या आत तिचा फोन लागेनासा झाला.

८. लागवड आणि पहिले दोन पावसाळे

खड्डे एप्रिल-मेमध्ये, दोन फूट लांब, रुंद आणि खोल. महिनाभर ऊन खाऊ द्या. मग शेणखत, वरची माती आणि थोडी निंबोळी पेंड. अंतर ५ मीटर बाय ४ मीटर धरलं तर हेक्टरी ५०० रोपं बसतात, ३ बाय ३ ला १,१११. योजनेत जेवढं लिहिलंय तेवढंच ठेवा, कारण पाहणीला येणारा माणूस टेप लावतो. माझं मत विचाराल तर जाड जातींना ५ बाय ४ पेक्षा जवळ लावू नका. सातव्या-आठव्या वर्षी आत शिरून तोड करता आली पाहिजे. पहिली दोन-तीन वर्षं मधल्या पट्ट्यात तूर, हरभरा, भुईमूग निघतो आणि त्या निमित्ताने तणही जातं.

रोप मरतं ते बहुतेक तीन कारणांनी: तण, शेळ्या आणि मार्च ते मे. जिथे रानडुक्कर आणि नीलगाय आहे तिथे कुंपणाशिवाय विचारही करू नका. पावसाळ्यात जमिनीतून वर येणारा कोवळा कोंब, ज्याला विदर्भात वास्ते म्हणतात आणि ज्याची भाजी होते, तो जनावरालाही तितकाच आवडतो. एक कोंब खाल्ला म्हणजे त्या वर्षीची एक काठी गेली, कारण बांबूची काठी एकाच हंगामात तिची पूर्ण उंची गाठते. पुढच्या वर्षी ती जाड होत नाही, फक्त पक्की होते.

उन्हाळ्याआधी शेताच्या कडेने जाळपट्टा काढा. वाळलेल्या पानांचा थर पेटला तर काही मिनिटांत सगळं जातं.

९. हप्ते आणि सातबाऱ्यावरची नोंद

दुसरा, तिसरा हप्ता जिवंत रोपांच्या मोजणीवर मिळतो. मेलेल्या जागी रोप लावायचं काम पहिल्या पावसाळ्यातच उरका. मोजणीच्या आदल्या आठवड्यात लावलेलं रोप कोणालाही ओळखू येतं. जागेचे फोटो अक्षांश-रेखांशासकट दर हंगामात स्वतःही काढून ठेवा. अधिकारी बदलतात आणि नव्याच्या हातात जुन्याचे फोटो नसतात.

ई-पीक पाहणीत बांबूची नोंद दर वर्षी करा. या कामाला लागतात पाच मिनिटं, आणि त्याचा उपयोग कळतो चार वर्षांनी, पुढच्या टप्प्यात.

१०. तोड आणि वाहतूक

नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने आणि पाठोपाठच्या दुरुस्तीने १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातल्या 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला. म्हणून खाजगी शेतातला बांबू तोडायला, न्यायला त्या कायद्याखाली परवाना लागत नाही. जंगलातल्या बांबूला हे लागू नाही. तिथे वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या गावात ग्रामसभेचा अधिकार चालतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०११ मध्ये तो मिळवून दाखवला.

गोची अशी की रस्त्यावर गाडी अडवणाऱ्याला तुमचा बांबू शेतातला की जंगलातला हे दिसत नाही, विशेषतः मानवेल असेल तर. म्हणून गाडीत बांबूची नोंद असलेला सातबारा, विक्रीची पावती आणि शक्य असेल तर ग्रामपंचायतीचा दाखला ठेवा. ई-पीक पाहणीची ती पाच मिनिटं इथे वसूल होतात.

पहिली तोड चौथ्या-पाचव्या वर्षी. फक्त तीन वर्षांवरच्या काठ्या काढायच्या. वय ओळखायला काठी जवळून बघा. यंदाची काठी गडद हिरवी, अंगावर पांढरी भुकटी, पेरांना टरफल चिकटलेलं. दुसऱ्या वर्षी टरफल गळतं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रंग उतरतो, अंगावर शेवाळाचे राखाडी ठिपके येतात आणि कोयत्याच्या मुठीने ठोकलं की कोरडा टक्क आवाज येतो. ती काढायची. जमिनीवरचं पहिलं पेर सोडून लगेच वर, तिरकस नाही तर आडवा काप, म्हणजे बुंध्यात पाणी साचत नाही. पावसाळ्यात कोयता लावायचाच नाही. हिवाळ्यातल्या काठीत पिष्ट कमी असतं, म्हणून तिला भुंगा कमी लागतो.

११. प्रक्रियेकडे वळायचं असेल तर

बुरुडकाम घरात असेल तर पीएम विश्वकर्मा योजना बघा. २०२३ पासूनच्या या योजनेतल्या १८ व्यवसायांत टोपल्या-चटया विणणारे आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांचं व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. प्रशिक्षणासाठी चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, आणि कोकणात कुडाळला कोनबॅक ही बांबूवर काम करणारी संस्था.

यंत्रं घेऊन युनिट टाकायचं असेल तर पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला बँकेच्या कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना. उत्पादन प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत मर्यादा. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, मागास प्रवर्ग वगैरेंना ३५ टक्के अनुदान. स्वतःचा वाटा अनुक्रमे १० आणि ५ टक्के. दहा लाखांवरच्या उत्पादन प्रकल्पाला आठवी पास असावं लागतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरणही मंजूर केलं, त्यात १५ क्लस्टरची (एकाच भागातल्या बांबू उद्योगांचे समूह) योजना आहे. तुमचा जिल्हा त्यात येतो का ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा, कारण क्लस्टरजवळ युनिट असणं म्हणजे वाळवणी आणि बोरॅक्स-बोरिकच्या (कीड लागू नये म्हणून करतात त्या) प्रक्रियेची यंत्रणा सामाईक मिळण्याची शक्यता.

पीएमईजीपीबद्दल एक गोष्ट बँकेत जायच्या आधीच समजून घ्या. अनुदानाची रक्कम तुमच्या हातात पडत नाही. ती बँकेत तुमच्या कर्जाच्या नावावर तीन वर्षं ठेव म्हणून पडून राहते आणि युनिट चालू असल्याची खात्री झाल्यावरच कर्जात वळती होते. तोपर्यंत यंत्राचा हप्ता, वीजबिल, मजुरी आणि बांबूची खरेदी युनिटच्या विक्रीतूनच भागवायची असते. प्रकल्प अहवालात खेळत्या भांडवलाचा आकडा म्हणूनच हात आखडून लिहू नका. अहवाल बनवून देणारे दलाल सगळे पैसे यंत्रांवर दाखवतात, कारण त्यांचं कमिशन यंत्रवाल्याकडून येतं.